माध्यमांतर

एका माध्यमासाठी सिद्ध झालेला आशय दुसऱ्या माध्यमात नव्याने मांडण्याची प्रक्रिया. कादंबरीवरून चित्रपट, व्याख्यानमालेचे पुस्तक, नाटकाची नभोवाणी आवृत्ती ही परिचित उदाहरणे. भाषांतरात भाषा बदलते, माध्यम तेच राहते. ‘रूपांतर’ ही संज्ञाही सैलपणे याच अर्थी वापरली जाते; परंतु एकोणिसाव्या शतकापासून मराठी रंगभूमीवर तिचा रूढ अर्थ परभाषेतील नाटकाला देशी नावे, स्थळे व रीतिरिवाज देणे असा आहे, आणि तेथे नाटकाचे नाटकच होते. म्हणून येथे माध्यमांतर ही संज्ञा स्वीकारली आहे.

पिंगुळीची परंपरा : महाराष्ट्रातील जुने आणि आजही पाहता येण्याजोगे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी आढळते. तेथील ठाकर समाजातील कलावंत रामायण-महाभारतातील व पुराणांतील आख्याने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ अशा तिन्ही प्रकारांनी सादर करतात. चित्रकथीत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच असतो; त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. निवेदक एकेक चित्र समोर धरून कथा सांगतो, गातो. साथीला वीणा, हुडूक व टाळ असतात. आख्यान तेच असले तरी प्रत्येक प्रकारात निवेदनावरचा भार वेगळा पडतो. हनुमंताचे समुद्रोल्लंघन चित्रात एका पानावर थांबते आणि उड्डाण शब्दांनी पुरे करावे लागते. छायाखेळात आकृती पडद्यावरून सरकते, तेव्हा निवेदकाला तेवढी उसंत मिळते. पात्रांची तोंडे एका बाजूने दाखवण्याची व डोळे मोठे काढण्याची पद्धत मात्र चित्रांत आणि चामड्याच्या बाहुल्यांत सारखीच दिसते.

या साम्यावरूनच उगमाचा वाद निर्माण झाला. एका मताप्रमाणे चित्रे ही छायाबाहुल्यांवरून आली : आकृती एका रेषेत उभ्या असतात, मागचे दृश्य जवळजवळ नसते आणि वस्त्रांवरील ठिपक्यांची नक्षी बाहुलीच्या चामड्याला पाडलेल्या छिद्रांची आठवण करून देते. हे मत मानणारे कर्नाटक व आंध्रमधील चर्मबाहुल्यांकडे बोट दाखवतात. दुसऱ्या मताप्रमाणे चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत स्वतंत्र व अधिक जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. मात्र तो उल्लेख त्रोटक आहे, आणि त्यातला चित्रकथक व कोकणातला चित्रकथी यांच्यामध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे; नामसाम्यापलीकडे त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. बाहुल्यांच्या बाजूचा पुरावाही तसाच अपुरा आहे. ज्ञानेश्वरीत ‘साइखडें’ म्हणजे सूत्राने चालणारी बाहुली दृष्टांतात येते, पण तो छायाखेळाचा पुरावा नव्हे. उपलब्ध चित्रांपैकी बरीचशी साधारणतः एकोणिसाव्या शतकातील मानली जातात, काही त्याआधीची असावीत. एवढ्या अलीकडच्या सामग्रीवरून अमुक प्रकार आधीचा असे ठरवण्यापेक्षा तिन्ही प्रकार एकाच कुटुंबांच्या हातात राहिल्याने एकमेकांची वळणे घेत गेले असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. या चित्रांना दीर्घकाळ ‘पैठण शैली’ म्हटले जाई. ते नाव काही चित्रे पैठण परिसरात मिळाल्यामुळे पडले. ती शैली तेथेच उगम पावली असे त्यावरून समजू नये.

सावंतवाडीच्या सावंत-भोसले राजघराण्याने या कलांना आश्रय दिल्याचे सांगितले जाते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

नभोवाणी आणि नंतर : विसाव्या शतकातील माध्यमांतराचे ठळक उदाहरण म्हणजे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी संगीत दिलेले ‘गीतरामायण’. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक गीत या क्रमाने ते प्रसारित झाले. आठवड्यांच्या हिशेबाने ५२ गीते व्हायची. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. म्हणजे काव्याचा विस्तार पंचांग आणि प्रसारणाचे वेळापत्रक यांनी मिळून ठरवला, आणि १९५७ साली पुस्तक निघाले तेव्हा हे बंधन उरले नसतानाही संख्या तीच राहिली. उलट आवाजांच्या बाबतीत बदल झाला. नभोवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके आदी निरनिराळ्या गायकांनी ही गीते गायिली. पुढे रंगमंचावर फडके ती सर्व एकटेच गात आणि ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच आवाजात निघाल्या. अनेक पात्रांचे बोलणे एका कंठातून आल्यामुळे ही रचना कीर्तनकाराच्या आख्यानाच्या जवळ गेली. बहुतेक श्रोत्यांना आज हेच रूप मूळ वाटते.

कायद्याची बाजू : भारतीय प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ मध्ये ‘अनुकूलन’ या संज्ञेची व्याख्या केली आहे. नाट्यकृतीचे नाट्येतर रूप, साहित्यकृतीचे नाट्यरूप, तसेच कथा मुख्यतः चित्रांतून सांगणारी आवृत्ती हे प्रकार तीत येतात. साहित्यकृतीवरून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क मात्र कलम १४ मध्ये अनुकूलनापासून वेगळा सांगितला आहे. त्यामुळे लेखकाने नाट्यरूपांतराला परवानगी दिली म्हणून चित्रपटाचीही दिली असे होत नाही. करारात दोहोंचा निरनिराळा उल्लेख करावा लागतो.

आंतरजालावर एकच मजकूर लेख, पॉडकास्ट आणि आखूड चित्रफीत अशा रूपांत येतो. तिन्ही रूपे एकाच वेळी आखलेली असतील, तर आधीची कृती कोणती हे सांगता येत नाही. अशा वेळी वरील व्याख्येच्या काटेकोर अर्थाने त्यास माध्यमांतर म्हणता येणार नाही.