नामचेचा डावा फाटा

नेपाळमधल्या नामचे बाजार या गावातून वर चढलं की वाट फुटते. उजवीकडची तेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे करत एव्हरेस्टच्या पायथ्याला जाते. डावीकडची भोटे कोसीच्या कडेनं थामे गावाला. ट्रेकर्सची रांग उजवीकडे वळते, लॉज तिकडे, बेकऱ्या तिकडे, वायफाय तिकडे. पण खुंबूचा, म्हणजे या साऱ्या मुलखाचा, खरा हमरस्ता होता तो डावीकडचा. उजवीकडची वाट म्हणजे गुरं वर चारायला न्यायची वाट. पुढे हिमनदी आणि उभ्या भिंती, व्यापारी ताफा पलीकडे नेता येईल अशी खिंडच नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकची गोष्ट म्हणजे ही आडवाट हमरस्ता कशी झाली याचीच गोष्ट आहे.

थामेच्या पुढे नांगपा ला ही खिंड आहे, उंची सुमारे ५,७०० मीटर. पलीकडे तिबेट. साधारण पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातून आलेली कुटुंबं याच खिंडीतून खुंबूत उतरली, असं शेर्पांच्या परंपरेत सांगतात. ‘शर’ म्हणजे पूर्व, ‘पा’ म्हणजे माणसं. शेर्पा हा शब्द असा जमातीचा आहे. आपल्याकडे तो ‘पहाडातला हमाल’ या अर्थानं सर्रास वापरला जातो, ते चूकच.

खिंडीतून मीठ आणि लोकर खाली यायची, धान्य वर जायचं. खुंबूत भात पिकत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मधला दलाल होणं हीच इथली खरी शेती होती. दुसरी शेती आली ती बटाट्याची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. बटाटा दार्जिलिंगच्या बागांतून आला की काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यानं पोटाची काळजी मिटवली एवढं नक्की. किसलेल्या बटाट्याचं रिकीकुर नावाचं धिरडं, वर याकच्या दुधाचं लोणी, हे आजही तिथलं घरचं खाणं आहे.

ट्रेकच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली वरच्या टप्प्यांची नावं आता पुन्हा वाचून बघा. फेरिचे, लोबुचे, गोरक्षेप ही बारमाही गावं नव्हती. उन्हाळ्यात याक घेऊन वर जायचं, दगडी गोठ्यात राहायचं, गवत कापून साठवायचं आणि थंडी पडली की खाली उतरायचं, असे ते मुक्काम. डिंगबोचेची शान वेगळी: ४,४०० मीटरवर पाटाच्या पाण्यावर जव पिकवणारं ते ठिकाण. तिथल्या शेतांभोवतीचे कमरेएवढे दगडी बांध फोटोत छान दिसतात. ते आहेत गुरांना पिकात शिरू न देण्यासाठी आणि वाऱ्यासाठी. आपण ज्याला ‘सहाव्या दिवसाचा मुक्काम’ म्हणतो तो कुणाच्या तरी गुराख्याचा तळ होता.

तेंगबोचेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठसुद्धा वाटतो तितका प्राचीन नाही. लामा गुलू यांनी तो १९१६ साली उभारला. १९३४च्या भूकंपात तो कोसळला, पुन्हा बांधला गेला. त्याच्या पुढच्या दुर्दैवाकडे नंतर येऊ.

डोंगराचं काय? १८५२ साली सर्वे ऑफ इंडियाच्या गणितांतून ‘शिखर क्रमांक १५’ सर्वांत उंच ठरलं. हे गणित राधानाथ सिकदारांच्या नावावर आहे. १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली, तीही दूरवरच्या भारतीय मैदानातून घेतलेल्या मापांवर, कारण नेपाळ परक्यांना बंद होता. म्हणूनच १९२१, १९२२ आणि १९२४ या ब्रिटिश मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे लांबचा वळसा घालून उत्तरेकडून गेल्या. त्यांना लागणारी माणसं दार्जिलिंगला मिळायची आणि त्यातली पुष्कळशी खुंबू-सोलूतून कामासाठी गेलेली शेर्पा. म्हणजे डोंगर यांच्या परसात, आणि तिथे मजुरीला जायचं तर आधी दार्जिलिंग गाठायचं, मग तिबेट ओलांडून त्याच डोंगराच्या मागच्या बाजूला. १९२२ साली हिमप्रपातात सात भारवाहक गेले.

१९५०च्या सुमारास सगळं उलटं झालं. चिनी सैन्य तिबेटात आलं, उत्तरेचं दार बंद झालं. नेपाळनं मात्र दार किलकिलं केलं. १९५०च्याच शरद ऋतूत पाच जणांची एक तुकडी बिहारच्या सीमेवरच्या जोगबनी स्थानकापासून धरानमार्गे पायी निघाली: अमेरिकन गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन, त्यांचे वडील ऑस्कर, बेट्सी काउल्स, अँडरसन बेकवेल आणि इंग्रज बिल टिलमन. नामचे, तेंगबोचे, मग ह्यूस्टन आणि टिलमन पुढे हिमनदीकडे जाऊन काला पत्थर या टेकाडाच्या उतारावरून वर बघून परतले. शिखर चढण्याचा बेत नव्हता. गावं बघत जायचं, डोंगर बघायचा, परत यायचं. आज लाखभर रुपये भरून लोक जे करतात ते पहिल्यांदा केलं या पाच जणांनी. दक्षिणेकडून वर जायची शक्यता कमीच, असं त्या दोघांचं मत पडलं. तीन वर्षांत, २९ मे १९५३ला, तेनसिंग आणि हिलरी याच बाजूनं शिखरावर पोचले.

त्या १९५३च्या मोहिमेनं काठमांडूच्या खोऱ्यातलं भक्तपूर १० मार्चला सोडलं आणि तेंगबोचेला पोचायला अडीच आठवडे लागले. साडेतीनशेच्या आसपास भारवाहक होते. कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको ही बांबूची टोपली, हातात इंग्रजी टी अक्षरासारखी टोक्मा काठी; दम लागला की ती काठी ओझ्याखाली टेकवून उभ्याउभ्याच विसावा घ्यायचा. नामचेखालच्या लुक्लाच्या वाटेवर हे दृश्य अजून दिसतं, फक्त डोकोत बिअरची खोकी असतात.

चालणं कंटाळवाणं असेल, पण त्याचा एक फायदा होता. दर दिवशी चढउतार करत शरीर उंचीला सरावत जायचं. हा फायदा १९६४ साली संपला. हिलरींना खुंदे गावी दवाखाना बांधायचा होता, सामान न्यायला धावपट्टी हवी होती. लुक्लाला जमीन विकत घेतली, झुडपं काढली, पण माती भुसभुशीत राहिली. तेव्हा गावकऱ्यांना स्थानिक दारू पाजून हातात हात घालून पाय आपटत नाचायला सांगितलं. शेर्पा नाच असाच असतो, रांगेतला, ठेक्याचा. नाचून नाचून जमीन घट्ट झाली. ५२७ मीटरची ती उतरती पट्टी, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. डांबर पडलं २००१ साली.

पट्टी दवाखान्यासाठी होती, उतरले पर्यटक. नेमकं १९६४ सालीच जिमी रॉबर्ट्स या गुरखा पलटणीतल्या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यानं काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी तीन अमेरिकन बायकांना तंबू, आचारी, शेर्पांसह एव्हरेस्टच्या वाटेवर नेलं. मोहिमेचा सरंजाम तोच, फक्त शिखर वगळलं. पण विमानानं थेट २,८०० मीटरवर उतरलेली माणसं भराभर वर जाऊ लागली आणि डोकेदुखी, उलट्या, फुप्फुसात पाणी हे प्रकार वाढले. १९७३ साली फेरिचेला बचाव संघटनेचं मदत केंद्र सुरू झालं ते यातूनच. नामचेला दोन रात्री थांबण्याचा नियम आज प्रत्येक गाइड सांगतो. तो त्या गमावलेल्या अडीच आठवड्यांची भरपाई आहे.

इकडे डाव्या फाट्याचं नशीब फिरलं होतं. १९५९ नंतर तिबेटच्या व्यापारावर निर्बंध आले, मीठ भारतातून स्वस्त मिळू लागलं, याकांचे कळप विकले जाऊ लागले. व्यापार मोडला तेव्हाच पर्यटक आले, नाहीतर नामचे रिकामं झालं असतं असं मला वाटतं. १९६०च्या दशकात तिथे शनिवारचा बाजार सुरू झाला. घरांच्या खालच्या मजल्यावर जिथे गुरं बांधली जात तिथे जेवणाची टेबलं आली.

चूल पेटती ठेवायला जंगल जात होतं. १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, १९७९ साली जागतिक वारसा. पाण्यावरची वीज हा उपाय दिसत होता. थामेजवळचं वीजकेंद्र जवळपास बांधून झालं होतं तेव्हा, ४ ऑगस्ट १९८५ला, वरचा डिग त्शो हा हिमतलाव फुटला आणि केंद्र, पूल, शेतं वाहून गेली. तेंगबोचेला छोट्या केंद्राची वीज पोचली आणि जानेवारी १९८९मध्ये विजेच्या हीटरनं लागलेल्या आगीत गोम्पा जळाला. आजची वास्तू १९९३ची.

मराठी माणसाचं नातंही दोन्ही बाजूंनी आहे. एव्हरेस्टवर पोचलेले पहिले मराठी गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण १९९८ साली गेले ते तिबेटच्या बाजूनं. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ची मोहीम नामचेमार्गे गेली, आठ जण शिखरावर पोचले. त्यानंतर सह्याद्रीत शनिवार-रविवार काढणाऱ्यांच्या बोलण्यात ‘ईबीसी’ (एव्हरेस्ट बेस कॅम्प) हा शब्द कळसूबाईइतका सरावाचा झाला.

थामे अजून डावीकडेच आहे. तेनसिंग यांचं बालपण तिथलं, एव्हरेस्ट सर्वाधिक वेळा चढलेले कामी रिता शेर्पाही तिथलेच. १६ ऑगस्ट २०२४च्या दुपारी वरचे हिमतलाव फुटून पाणी, दगड, चिखल गावात शिरला. शाळा गेली, आरोग्यकेंद्र गेलं, घरं गेली. दिवस असल्यानं माणसं धावत वर गेली आणि वाचली. पावसाळ्यामुळे ट्रेकर्स नव्हते. उजवीकडच्या वाटेवर ऑक्टोबरचा हंगाम नेहमीसारखा सुरू झाला.