पीएच ५ दिवा

पीएच ५ हा डेन्मार्कमधील घरगुती टांगता दिवा. वास्तुरचनाकार आणि लेखक पाउल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी तो १९५८ मध्ये लुई पाउल्सन या कंपनीसाठी तयार केला. ‘पीएच’ ही त्यांचीच आद्याक्षरे. ‘५’ हा आकडा मुख्य छत्रीच्या ५० सेंटिमीटर व्यासावरून आला.

हेनिंगसेन यांचे बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या मंद उजेडात गेले. विजेचा बल्ब आला आणि उघड्या तारेचा झगमगाट घराघरांत शिरला, तो त्यांना असह्य वाटे. उजेड भरपूर हवा, पण तो देणारी तार डोळ्यांना दिसता कामा नये, हा त्यांचा जन्मभराचा हट्ट. १९२०च्या दशकात त्यांनी एकाखाली एक अशा तीन छत्र्यांची रचना बसवली. छत्रीची वक्रता लॉगरिदमिक सर्पिलावर, म्हणजे केंद्रापासून दूर जाताना ठरावीक प्रमाणात रुंदावत जाणाऱ्या वळणावर, बेतलेली होती. अशा वक्राच्या केंद्राशी दिवा ठेवला की त्याचा किरण पृष्ठभागावर सगळीकडे एकाच कोनात पडतो, त्यामुळे छत्रीचा एखादाच भाग भगभगत नाही.

पीएच ५ मागे मात्र थोडा वैतागही होता. बल्ब बनवणारे कारखाने त्याचा आकार आणि घडण सारखी बदलत, आणि एका ठरावीक बल्बभोवती काटेकोर मापाने बेतलेली रचना त्यामुळे बिघडे. म्हणून हेनिंगसेन यांनी असा दिवा आखला की आत कोणताही बल्ब लावा, तो बाहेरून दिसणार नाही. पुढे युरोपात तारेचा बल्बच बाजारातून हद्दपार झाला. हा दिवा एलईडीवर निर्धास्त चालतो आहे.

अॅल्युमिनियमच्या या छत्र्या बाहेरून मॅट रंगाच्या असतात, पण आत एक लाल आणि एक निळा भाग दडलेला असतो. ही निव्वळ सजावट नव्हे. माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील, तर वर्णपटाच्या लाल आणि निळ्या टोकांना कमी. त्या दोन टोकांना थोडे उचलून धरले की उजेड मवाळ वाटतो, असा हेनिंगसेन यांचा हिशेब होता. खालून डोकावल्याशिवाय हे रंग फारसे जाणवत नाहीत.

प्रकाश मुख्यतः खाली आणि थोडा बाजूंना पडतो. त्यामुळे छताच्या मधोमध उंचावर लावला तर या दिव्याची निम्मी करामत वाया जाते. त्याची खरी जागा जेवणाच्या टेबलावर, पृष्ठभागापासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीवर. समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे उजळतात, डोळे दिपत नाहीत. डिसेंबरात कोपनहेगनमध्ये दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. तिथे या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

१९५८ मध्येच हेनिंगसेन यांनी कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हिलियन उपाहारगृहासाठी ७२ पात्यांचा ‘आर्टिचोक’ दिवा केला. तो अधिक देखणा आणि कितीतरी महाग. डेन्मार्कच्या घरांत मात्र रुळला तो पीएच ५. त्याची लहान आवृत्ती ‘पीएच ५ मिनी’ २०१७ मध्ये आली.