लांबचा नेम शिकायचाय? मग पहिली रायफल हळू गोळीची घ्या

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून रायफल मारायचा प्रकार) ब्राँझ मारलं आणि तेव्हापासून नाशकात ज्याला त्याला रायफल घ्यायचीय. साहजिकच आहे, पोरगा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा असला तरी नेमबाजी शिकला इथल्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे आपला म्हणायला आपण मोकळे. पण गंमत बघा, विचारायला येणाऱ्यातले बरेच जण ५० मीटरचं नावच काढत नाहीत. त्यांना थेट ३०० मीटर पाहिजे, जमलं तर हजार यार्ड, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "पॉवरफुल कुठली घेऊ?"

माझं उत्तर पण ठरलेलं, पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). समोरच्याचं तोंड लगेच पडतं, कारण त्याच्या डोक्यात थ्री नॉट थ्री नाहीतर सिनेमातली स्नायपर रायफल असते आणि मी त्याला एनसीसीतली बंदूक सांगतोय असं त्याला वाटतं. पण यामागे फिजिक्स आहे, आणि ते एकदा कळलं की दुकानातल्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

पॉइंट टू टूचं एक काडतूस चिमटीत धरून बघा. बोटाला किंचित मेणचट लागतं, कारण शिशाच्या गोळीला वरून वंगण लावलेलं असतं. गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा कमी. मॅचची, म्हणजे स्पर्धेची, गोळी नळीतून बाहेर पडते साधारण ३२५ मीटर पर सेकंदनं, आवाजाच्या वेगाच्या थोडं खालीच. मोठ्या बोअरची, उदाहरणार्थ पॉइंट थ्री झीरो एटची, जाते ८०० च्या आसपास. ऐकायला फरक जबरदस्त वाटतो, आणि लोक इथेच फसतात.

आता गोळी खाली किती पडते ते बघू. ५० मीटर जायला पॉइंट टू टूला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून बारा-तेरा सेंटीमीटर खाली येते. १०० मीटरला अर्धा मीटरच्या वर. मोठ्या बोअरची तेवढ्याच अंतरावर आठेक सेंटीमीटरच पडते. मग मोठीच भारी ना? तर नाही, कारण गुरुत्वाकर्षण प्रामाणिक आहे हो. सोमवारी जेवढं खेचतं तेवढंच शनिवारी. अंतर माहीत असलं की साईटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, क्लिक (बारीक टप्पे) फिरवा, विषय संपला. लांबच्या नेमबाजीत गोळी खाली पडल्यामुळे कुणी हरत नाही, हरतात ते वाऱ्यामुळे.

आणि वाऱ्याचं गणित सरळ नाहीये. आपल्याला वाटतं वारा बाजूनं ढकलतो, गोळी जितका वेळ हवेत तितकी ती सरकणार. तसं नसतं. फिरणारी गोळी नळीतून निघाली की तिचं नाक किंचित येणाऱ्या वाऱ्याकडे वळतं, मग हवेचा जो अडथळा तिला मागे खेचत असतो तो सरळ मागे न खेचता जरासा तिरका खेचतो, आणि त्या तिरकेपणामुळे ती बाजूला जाते. म्हणजे खरा चोर हवेचा अडथळा. हिशेब असा: हवा नसती तर गोळीला किती वेळ लागला असता आणि प्रत्यक्षात किती लागला, या दोन्हीतला फरक काढा आणि त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणा, झालं. पॉइंट टू टूला ५० मीटरवर हा उशीर जेमतेम सहा-सात हजारांश सेकंदाचा असतो. तरी ताशी १० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात गोळी दीड ते दोन सेंटीमीटर सरकते. ५० मीटरच्या टार्गेटवर १० गुणांचं मधलं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे झाडाची पानं हलवणारी साधी झुळूक तुम्हाला १० मधून उचलून बाहेर नेऊन ठेवते. आणि अंतर दुप्पट केलं की सरकणं साधारण चौपट.

आता खरी मजा. पॉइंट टू टूमध्ये हाय व्हेलॉसिटी काडतुसं पण मिळतात, ३८० च्या आसपास वेगाची. साधा माणूस म्हणेल वेग जास्त म्हणजे वारा कमी लागणार. उलटं होतं! जास्त वेगाची गोळी जास्त सरकते. कारण आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, ही गोळी त्याच्या वर सुरू होते आणि वाटेत वेग गमावत खाली येते, त्यामुळे वर सांगितलेला उशीर हिच्या बाबतीत जास्त. मॅचवाले हळू काडतूस वापरतात ते हौस म्हणून नाही.

नाशिकमध्ये तर याला अजून एक पदर आहे. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, शून्य अंशाला ३३१ मीटर पर सेकंद आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ ची भर. निफाडकडे पारा सहा अंशावर येतो त्या सकाळी तो ३३५ च्या आत असतो, मे महिन्यातल्या चाळीस अंशात ३५५. म्हणजे तीच ३२५ ची गोळी थंडीत आवाजाच्या वेगाला अगदी खेटून धावते आणि उन्हाळ्यात जरा लांबून. शिवाय थंडीत हवा पण दाट. डिसेंबरात सेट केलेली साईट मे महिन्यात जरा वेगळी बोलली तर रायफलीला शिव्या देऊ नका.

तर मुद्दा असा, की ढोबळ हिशेबानं पॉइंट टू टू १०० मीटरवर वाऱ्यासाठी जेवढे क्लिक मागते तेवढे मोठी बोअर चारशे मीटरच्या आसपास मागते. वारा वाचायचा, झेंड्याकडे बघायचं, उन्हात स्कोपमध्ये मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय ते बघायचं, हे सगळं १०० मीटरच्या रेंजवर शिकता येतं आणि चारशे मीटरची रेंज काही गल्लोगल्ली नसते. दुसरं म्हणजे हळू गोळी नळीत पण जास्त वेळ रेंगाळते, मोठ्या बोअरच्या साधारण दुप्पट, तेवढ्या वेळात खांदा हलला, डोकं उचललं, की टार्गेटवर लगेच दिसतं. फॉलो थ्रूची, म्हणजे गोळी सुटल्यावरही तसंच स्थिर राहायची, सवय हिच्याइतकी कडक कुणी लावत नाही. आणि झटका जवळजवळ नाही. थर्टी-ऑट-सिक्ससारखी मोठ्या बोअरची रायफल खांद्यावर घेऊन सुरुवात करणारा नवशिका थोड्याच फैरीत चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो.

नळीतल्या आट्यांबद्दल, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांबद्दल, थोडक्यात. पॉइंट टू टूच्या नळीत साधारण १६ इंचात एक फेरा असतो, ३२५ च्या वेगाला म्हणजे सेकंदाला ८०० फेरे, मिनिटाला ४८ हजार! लांबुडकी जड गोळी स्थिर ठेवायला जास्त पीळ लागतो, त्याचं सोपं सूत्र ग्रीनहिल या इंग्लिश गणितज्ञानं १८७९ मध्ये मांडलं, तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता. आपल्या देवळालीत तोफखान्याची शाळा आहेच, तिथल्या तोफेच्या गोळ्याला आणि तुमच्या २.६ ग्रॅमच्या गोळीला वारा, हवा, फिरकी सगळी तीच भौतिकी लागू. पहिली रायफल घेताना मात्र हा आकडा घोकायची गरज नाही, पॉइंट टू टूत तो ठरलेलाच असतो.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी रायफल अंगाला बसते का. हे सगळ्यात कमी लोक बघतात. गाल दस्त्यावर टेकवा, डोळे मिटा, आरामात बसा, मग डोळे उघडा. मागच्या साईटच्या भोकातून पुढची साईट मधोमध दिसली पाहिजे, मान ताणून किंवा गाल दाबून नव्हे. नाही दिसली तर गालाची पट्टी वर-खाली करता येते का, मागची बट (खांद्याला टेकणारं टोक) लांब-आखूड होते का ते बघा. होत नसेल तर ती रायफल कितीही स्वस्त पडो, सोडा. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचाच बोल्ट (काडतूस भरायचा खटका) मागावा, 'चालवून घेईन' म्हणू नये. मग चाप: हलका असण्यापेक्षा रोज त्याच जागी, तेवढ्याच दाबाला सुटणारा हवा. नळी दस्त्याला कुठे घासत नाही ना, कागदाची पट्टी मधून सरकवून बघता येतं. नाव अँशुट्झ असो की वॉल्थर, दोन्ही जर्मनीच्या उल्मच्या, जुनी पण नीट सांभाळलेली क्लबमधली रायफल नव्या चकचकीतपेक्षा बरी असू शकते.

विकणारा तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, दाखवेल, एका ठिपक्यात तिन्ही. हरखून जाऊ नका. तीन गोळ्या योगायोगानं जवळ पडायची शक्यता भरपूर असते, संख्याशास्त्रात एवढ्यावर कुणी मत देत नाही. दहा-दहाचे दोन-चार ग्रुप मागा. आणि काडतुसाचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला गठ्ठा, बदलून बघा, कारण एकच नळी एका लॉटवर जीव टाकते आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॉटला दाद देत नाही. आवडलेला लॉट सापडला की परवडेल तेवढा एकदम घेऊन ठेवतात ते यासाठीच.

कायद्याचं सांगायलाच हवं. पॉइंट टू टूला शस्त्र परवाना लागतो, वय २१ पूर्ण, शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ या तर प्रतिबंधित बोअर, सामान्य माणसानं त्यांचा विचारच सोडावा. आणि परवाना मिळाला म्हणून सिन्नरकडच्या मामाच्या शेतात सराव करायचा बेत असेल तर थांबा, ही चिमुकली गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. रेंजवरच जा, मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या.

परवान्याला वेळ लागतोच, तोपर्यंत १० मीटरची एअर रायफल आहे ना. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला शस्त्र परवान्याची गरज नाही, मॅचची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि टार्गेटवर १० चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण याच प्रकारात घेतलं. हिच्यात वारा सोडून सगळं आहे, श्वास, चाप, फॉलो थ्रू, आणि छर्रा तर पॉइंट टू टूच्या गोळीपेक्षाही निम्म्या वेगानं, १७० नं निघतो. एखाद्या क्लबात जाऊन त्यांचीच रायफल वापरून सुरुवात करा, पुढे काय घ्यायचं ते त्या काळात तुमचा गाल आणि खांदाच सांगेल.