स्टिअरिंग थरथरतंय? कधी थरथरतं, ते आधी सांगा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीची तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते: ‘स्टिअरिंग व्हायब्रेट होतंय, अलाइनमेंट करून टाका.’ तक्रार खरी असते. उपाय मात्र बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा असतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हे कोन बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनं झिजतो. नुसत्या कोनांमुळे स्टिअरिंग थरथरत नाही. वाकडा झिजलेला टायर पुढे जाऊन थरथर करू शकतो, पण तोपर्यंत दोष टायरमध्ये उतरलेला असतो आणि कोन जुळवून तो टायर गोल होत नाही.

म्हणून अलाइनमेंटची पावती फाडण्याआधी आम्ही विचारतो की थरथर नेमकी केव्हा येते. किती जोरात येते, यापेक्षा केव्हा येते, हे कळलं की अर्धं निदान तिथंच होतं. गाडी आणण्याआधी तुम्हाला काय पाहता येईल आणि आम्ही काय तपासतो, ते या पत्रकात दिलं आहे.

ऐंशीला सुरू होते, एकशेदहाला कमी होते

शहरात गाडी लोण्यासारखी चालते. हायवेला लागलात, काटा ऐंशीच्या पुढे गेला की हाताला बारीक थरथर जाणवते, शंभरच्या आसपास ती सर्वांत जास्त असते आणि त्याहून वेग वाढवला तर कधी कधी कमीही होते. हे चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंना सारखं असणं, बिघडल्याचं लक्षण आहे. थरथर स्टिअरिंगला येत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकात, सीटला आणि पायाखाली येत असेल तर मागच्या.

किती वजनाचा फरक पुरतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. 185/65 आर 15 हा टायर घ्या. शंभरच्या वेगाला तो सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरतो. रिमच्या कडेला फक्त 30 ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला तो चाकाला सुमारे साडेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, आणि हा जोर सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलतो. तोच फरक चाळीसच्या वेगाला जेमतेम पाऊण किलोचा उरतो, म्हणून गावात काहीच कळत नाही.

हे 30 ग्रॅम येतात कुठून? साताऱ्याच्या आसपास याचं हंगामी उत्तर आहे: चिखल. उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर येतात, काळ्या मातीचे गोळे रस्त्याभर पडतात, आणि आपलं चाक ते रिमच्या आतल्या बाजूला गोळा करत जातं. वाळला की तो थर इतका घट्ट होतो की वॉशिंग सेंटरचा बाहेरून मारलेला फवारा त्याला हात लावत नाही. चाक उतरवून आतली बाजू पाहिली की मातीची वडी एकाच ठिकाणी चिकटलेली दिसते. ती पत्र्यानं खरवडली आणि चाक पुन्हा बसवलं की काम झालं. त्यामुळे पावसाळ्यात आणि गाळपाच्या दिवसांत आलेली गाडी आम्ही आधी धुतो, मग बॅलन्सिंगच्या मशीनवर घेतो. चिखलासकट बॅलन्स केलेलं चाक चिखल गळून पडल्यावर पुन्हा थरथरणारच.

दुसरं कारण, वजनं गळणं. वजन जुळवायला रिमला लावलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या खड्ड्यात आपटून किंवा पाण्याच्या जोरानं निघतात. घरीच तपासा. रिमच्या कडेला किंवा आतल्या बाजूला बोटभर लांबीचा स्वच्छ चौकोन आणि भोवती धूळ दिसली, तर तिथली पट्टी गेलेली आहे.

तिसरं कारण पंक्चरच्या दुकानातून येतं. टायरमध्ये ओतलेलं पंक्चरचं द्रव गाडी उभी असताना खाली साचतं. असं चाक मशीनवर फिरवलं की पहिल्या फेरीला एक आकडा येतो, दुसऱ्या फेरीला दुसरा. टायर उघडून आत पुसल्याशिवाय त्याचं बॅलन्सिंग होत नाही. द्रव टाकलं असेल तर आधी सांगा, दोघांचाही वेळ वाचेल.

बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, अशी तक्रार घेऊन दुसरीकडून बरीच मंडळी येतात. अशा वेळी आम्ही चाक मशीनवर हळू फिरवतो आणि टायरच्या नक्षीजवळ एक पेन स्थिर धरतो. टायर गोल असेल तर फट सारखी राहते. तो वर-खाली उडत असेल तर पेनला टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. असं चाक वजनाला बरोबर जुळलेलं असूनही रस्त्यावर उड्याच मारतं. कधी टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून बसवला की भागतं, कधी टायर बदलावा लागतो. एका चाकाला मशीन 60 ग्रॅमच्या वर वजन मागायला लागलं, तर पट्ट्यांवर पट्ट्या लावण्याऐवजी आम्ही टायर काढून बघतो.

बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलचं एक वेगळं दुखणं असतं. त्यांच्या मधलं भोक बऱ्याचदा गाडीच्या हबपेक्षा (चाक ज्या मधल्या गोल भागावर बसतं तो) मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. ही फट भरणारी मधली रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी बसतं आणि केसभर सरकलं तरी हायवेवर जाणवतं. मशीनवर तेच चाक एकदम निर्दोष दिसतं! प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची ती रिंग अलॉयच्या मानानं अगदी किरकोळ वस्तू आहे, पण विकताना ती देण्याची आठवण सगळ्यांना राहतेच असं नाही.

वीस-तीसच्या वेगालाच स्टिअरिंग डुलतं

हे वाचून गाडी चालवणं थांबवा. बारीक थरथर नाही, तर स्टिअरिंग संथपणे डावीकडे-उजवीकडे हलतंय, आणि तेही गल्लीतल्या वेगाला, तर टायरच्या आतले पोलादी पट्टे सुटले असण्याची शक्यता मोठी असते. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करा आणि टायर डोळ्यांनी पाहा: नक्षीत कुठं उंचवटा आलाय का, बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का. हातमोजा असल्याशिवाय नक्षीवरून हात फिरवू नका, सुटलेली तार बोटात घुसते. फुगा आलेला टायर हायवेवर नेणं म्हणजे तो फुटायची वाट पाहणं. तिथंच स्टेपनी लावा. टायर किती जुना आहे, हे बाजूवरच्या चार आकड्यांत कळतं. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी झिजण्याआधी वयानं कडक होतात आणि त्यांना चिरा पडतात.

हीच लक्षणं रिम वाकल्यावरही दिसतात. खड्ड्याचा मार बहुधा आतल्या कडेला बसतो आणि बाहेरून रिम नवी कोरी दिसते. लोखंडी रिम बहुतेक वेळा सरळ करून देता येते. तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून पुढच्या चाकाला बसवायचा आग्रह कृपया धरू नका, आम्ही ते काम करत नाही.

गाडी महिनाभर एकाच जागी उभी असेल तर टायरला खालून चपटेपणा येतो आणि सुरुवातीला गाडी हादरते. वीसेक किलोमीटरमध्ये टायर गरम होऊन थरथर गेली तर विसरून जा.

फक्त ब्रेक मारल्यावर

महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. पाचगणी सोडून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचतं, वाईत सपाटीला आल्यावर थोडं कमी होतं, आणि पाय ब्रेकवरून काढला की एकदम शांत. इथं चाकाचा काही संबंध नाही, दोष पुढच्या डिस्कमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड ज्या लोखंडी चकतीला आवळतात तिच्यात, आहे.

गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात की डिस्क बेंड झाली. प्रत्यक्षात डिस्क ताटासारखी वाकलेली क्वचितच असते. जास्त वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा मसाला तापून एका जागी चिकटलेला असतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, डोळ्याला तो दिसणं शक्यच नाही. आम्ही डिस्कला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावून चाक हातानं फिरवतो. काटा किती सरकतो ते तुम्हीही शेजारी उभे राहून बघा. डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंजाचा एक पापुद्रा अडकला असेल तरी काटा हलतो. म्हणून डिस्क बदलायचा खर्च सांगण्याआधी आम्ही ती उतरवून हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासतो आणि पुन्हा मोजतो. कधी कधी काम तिथंच संपतं.

तसं नसेल तर डिस्क लेथवर घासून घ्यायची किंवा बदलायची. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, घासून ती त्याखाली जाणार असेल तर लेथचा खर्च वाया जातो. डिस्क दोन्ही बाजूंच्या जोडीनं बदलतात, आणि जुने पॅड नव्या डिस्कवर लावत नाहीत.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. खाली आल्यावर लगेच थांबायचं असेल, तर ब्रेक घट्ट दाबून उभं राहण्यापेक्षा जागा सपाट बघून हँडब्रेकवर थांबा. लालबुंद तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला की त्याचा ठसा उमटतो, आणि पुढच्या प्रत्येक ब्रेकला तो ठसा हाताला जाणवतो. गरम चाकांवर थंड पाण्याचा फवाराही नको.

जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल खडखडत असेल आणि गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल, तर ते एबीएसचं काम आहे, बिघाड नाही.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर, किंवा उभ्या गाडीत

चढाला किंवा ओव्हरटेक करताना गाडी थरथरते आणि पाय उचलला की थांबते: ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट असा आवाज येतो: बाहेरचा जॉइंट, बहुधा रबरी बूट फाटून आत धूळ गेलेली. सिग्नलला उभं असताना, विशेषतः एसी लावल्यावर, स्टिअरिंग हादरतं: इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते), नाहीतर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे अडखळत चालतंय. या तिन्हीत बॅलन्सिंग करून एक रुपयाचाही फायदा नाही.

सैल भाग

चाक आणि स्टिअरिंग जोडून धरणारे सांधे: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, रॅक, व्हील बेअरिंग. हे भाग बहुतेक वेळा स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, आलेली थरथर मोठी करून हातापर्यंत पोहोचवतात. पाच-दहा ग्रॅमचा फरक घट्ट गाडीत कळतही नाही, सैल गाडीत तोच त्रास देतो. दर दोन महिन्यांनी बॅलन्सिंग करावं लागत असेल, तर मूळ इथं शोधायला हवं. जॅकवर चाक उचलून आम्ही ते आधी डाव्या-उजव्या कडेला धरून हलवतो, मग वर-खाली धरून. पहिल्यात खेळ आला तर टाय रॉड किंवा रॅक, दुसऱ्यात आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तुम्हाला बोलावून तो खेळ तुमच्या हातानं जाणवून दिल्याशिवाय आम्ही पार्ट काढत नाही. बेअरिंग गेलं असेल तर बहुधा वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ असा आवाजही असतो.

जिप्सी, जिम्नी आणि पुढे अखंड ॲक्सल असलेल्या जुन्या जीप यांचं प्रकरण निराळं. एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग इतक्या जोरात हेलकावे खातं की धरवत नाही, आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. घाबरून जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण न झुंजता धरा आणि वेग उतरू द्या. स्टिअरिंग डॅम्पर (हेलकावे शोषणारा दांडा) बदलला की हे दबतं, पण आतला सैल जॉइंट किंवा किंगपिन बेअरिंग तसंच राहिलं तर ते परत येतं. या गाड्यांना आम्ही निदानासाठी पूर्ण दिवस ठेवून घेतो.

काल चाक काढलं, आज थरथर

पंक्चर काढलं, टायर बदलला, ब्रेकचं काम झालं आणि लगेच गाडी हलायला लागली, तर काही शोधत बसू नका. रस्त्याकडेला घ्या आणि नट तपासा. सैल नटानं चाक निघून जातं. पायानं पाना दाबून किंवा गन लावून ठोकलेले नटही बरोबर नाहीत, कमी-जास्त ताणानं डिस्क तिरकी बसते. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 120 न्यूटन मीटर ताण लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. आमच्याकडे नट शेवटी टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या ताणापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं) आवळले जातात. 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यायला या, त्याचे पैसे नाहीत.

येताना

शक्य असेल तर शेजारी कुणाला तरी बसवून त्यांना टिपून घ्यायला सांगा: कोणत्या वेगाला सुरू, कोणत्या वेगाला बंद, ब्रेकला फरक पडतो का, पाय उचलल्यावर पडतो का, हाताला जास्त की सीटला. गाडी चालू असताना इंजिन बंद करून प्रयोग करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. अलीकडे खड्ड्यात आपटली असेल, द्रव टाकलं असेल, नवे अलॉय बसवले असतील तर तेही सांगा. आम्ही गाडी आधी तुमच्यासोबत हायवेला चालवून बघतो, त्यामुळे किमान एक तास हाताशी ठेवा. आणि स्टेपनीत हवा भरलेली असू द्या. संशयाचं चाक बाजूला काढून स्टेपनीवर एक फेरी मारली की बऱ्याच वेळा निकाल तिथंच लागतो.