रिकाम्या रकान्याची गंजी

दिवाळी उलटली की वर्धा-यवतमाळकडे बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात. समजा, आवारात दहा काटे आहेत आणि कोणती गाडी कोणत्या काट्यावर लावायची हे गावावरून ठरतं. एरवी ठीक चालतं. पण एकाच गावच्या साठ गाड्या एका दिवशी आल्या, की नऊ काटेवाले चहा पीत बसतात आणि दहाव्यावर रात्र होते. आणखी दोन काटे बसवले तरी त्या साठ गाड्या एकत्रच राहतात, कारण नियम गावाचा आहे.

अनेक संगणकांवर पसरलेल्या डेटाबेसची क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, शेवटच्या एका कामापाशी रेंगाळते, तेव्हा बऱ्याचदा दुखणं हेच असतं. त्याला ‘स्क्यू’ म्हणतात.

मोठा डेटा अनेक संगणकांवर वाटून हाताळणाऱ्या स्पार्क या प्रणालीचं उदाहरण घेऊ. एका तक्त्यात 2 कोटी काटापट्ट्या, दुसऱ्यात शेतकऱ्यांची नोंदणी. जोडायचं नोंदणी क्रमांकावरून; ज्यावरून जोडायचं ती ‘किल्ली’. दोन्ही तक्ते मोठे असले की एका क्रमांकाच्या सगळ्या ओळी एकाच जागी आणाव्या लागतात. त्यासाठी स्पार्क त्या क्रमांकाचा हॅश, म्हणजे त्यावरून ठरणारा एक आकडा, काढतो, त्याला भागांच्या संख्येनं भागतो आणि जी बाकी उरेल त्या भागात ओळ टाकतो. भाग मुळात 200 असतात.

आता 12 टक्के पट्ट्यांवर नोंदणी क्रमांकच नाही असं धरा. व्यापाऱ्याचा माल असेल, नाहीतर ऑपरेटरनं घाईत रकाना सोडला असेल. स्पार्कच्या हॅशची सुरुवात 42 या आकड्यापासून होते आणि किल्ली रिकामी असेल तर तो आकडा तसाच राहतो. म्हणून लेफ्ट जॉइनमध्ये, म्हणजे जोड न मिळालेल्या पट्ट्याही ठेवणाऱ्या जोडणीत, रिकाम्या रकान्याच्या सगळ्या ओळी 42 क्रमांकाच्या भागात जाऊन पडतात. उरलेल्या 1 कोटी 76 लाख ओळी सारख्या वाटल्या तर प्रत्येक भागात 88 हजार. बेचाळीसमध्ये मात्र 24 लाख 88 हजार, म्हणजे 28 पट. बाकीची कामं 3 सेकंदांत आटोपली तरी हे एक साधारण दीड मिनिट चालणार. मेमरी अपुरी पडली तर डिस्कवर गंजी लावायची आणि पुन्हा उचलायची, तो वेळ वेगळा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे भाग 400 करणं. इतर भाग 44 हजारांवर येतात, पण 42 ला 400 नं भागलं तरी बाकी 42 च! रखडलेलं काम दुसऱ्या मशीनवर पुन्हा सुरू करूनही उपयोग नाही; त्या मशीनलाही तीच गंजी मिळते.

निदान सोपं आहे. स्पार्कच्या स्टेजच्या, म्हणजे क्वेरीच्या एका टप्प्याच्या, पानावर कामांच्या वेळेचा मध्यक आणि कमाल आकडा एकाच ओळीत दिसतात. मध्यक 3 सेकंद, कमाल 90 असेल तर किल्लीनुसार ओळी मोजा आणि वरच्या वीस किल्ल्या बघा. गुन्हेगार तिथेच सापडतो.

रिकामा रकाना कुणाशीच जुळत नाही, दुसऱ्या रिकाम्या रकान्याशीसुद्धा नाही. मग त्या ओळी जॉइनमध्ये नेता कशाला? त्या आधीच बाजूला काढा, नोंदणीचे रकाने रिकामे ठेवा आणि जॉइन झाल्यावर युनियन ऑलनं, म्हणजे ओळींखाली ओळी जोडून, परत मिळवा. किल्ली खरी असून जड असेल, तर प्रत्येक ओळीत तिला 0 ते 15 पैकी कोणताही एक आकडा चिकटवायचा आणि दुसऱ्या तक्त्यातल्या त्या किल्लीच्या ओळीच्या सोळा प्रती करायच्या, प्रत्येक आकड्याची एक. याला ‘सॉल्टिंग’ म्हणतात.

2020 च्या 3.0 आवृत्तीपासून स्पार्क जड भाग स्वतः तोडू शकतो, आणि 3.2 पासून ही सोय आपोआप चालू असते. पण त्यासाठी तो भाग सगळ्या भागांच्या आकाराच्या मध्यकाच्या 5 पटींहून मोठा आणि शिवाय 256 एमबीच्या वर हवा. आपली एक ओळ 80 बाइटची धरली तर बेचाळीसची गंजी भरते जेमतेम 190 एमबी. म्हणजे स्पार्क तिला हातही लावत नाही.

रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा वाईट म्हणजे त्यात काहीतरी कोंबणं. ऑपरेटरनं 9999999999 असा मोबाइल नंबर 2,000 पट्ट्यांवर टाकला, नोंदणीत तोच 300 जणांपुढे आहे, आणि जॉइन मोबाइलवर केला, तर 6 लाख ओळी जन्माला येतात आणि त्या पट्ट्यांवरचे क्विंटल बेरजेत 300 पट मोजले जातात.