डोक्याच्या सौम्य दुखापतीनंतर रेंगाळणारी लक्षणे

डोक्याला मुका मार बसल्यानंतर डोकेदुखी, गरगरणे, थकवा, चिडचिड, विसराळूपणा, उजेड किंवा आवाज सहन न होणे असे त्रास नेहमीच्या मुदतीत न ओसरणे. प्रौढांमध्ये हे त्रास बहुधा काही आठवड्यांत जातात. तीन महिन्यांनंतरही राहिले तर ते रेंगाळले असे मानतात.

‘सौम्य’ हे वर्णन सुरुवातीच्या स्थितीपुरते आहे: शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा मापनावर (कमाल १५ गुण) १३ ते १५ गुण, बेशुद्धी असल्यास ३० मिनिटांपर्यंत, आणि आठवणीतला खंड २४ तासांहून कमी. पुढचा त्रासही सौम्यच असेल, असे त्यावरून ठरत नाही.

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचे अस्थिभंग शोधतो. धक्क्याने मेंदू हेलकावतो, चेतातंतू ताणले जातात, पेशींतले पोटॅशियम बाहेर आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. हा तोल सावरायला पेशींना जादा ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हा बिघाड सीटीत दिसत नाही. तरीही ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे ‘काही झालेले नाही’ असा अर्थ घरी आणि कचेरीत लावला जातो. रुग्ण ढोंग करतो की काय, अशी शंका येते. हा वाद जुना आहे: १८६६ मध्ये इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांतील जखमींच्या अशाच तक्रारी मांडल्या, तेव्हाही तो पेटला होता.

अनेक महिन्यांनंतरच्या त्रासाला सहसा एकच कारण नसते, आणि त्यातली बरीच कारणे दुरुस्त होण्याजोगी असतात. म्हणून ‘डोक्याला मार लागला होता ना, मग असे होणारच’ म्हणून थांबणे चुकीचे. गादीवर कूस बदलताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा आतल्या कानातील कॅल्शियमचे कण अर्धवर्तुळाकार नलिकेत घसरलेले असण्याची शक्यता मोठी. मान ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन आडवे केले की बुबुळे विशिष्ट पद्धतीने झटके देत हलतात आणि निदान होते. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या ‘एप्ली’ कृतीने कण जागेवर आणले की अनेकांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने मात्र मेंदूची स्वतःहून जुळवून घेण्याची क्रिया लांबते. वाचताना ओळी एकमेकींवर चढतात, जवळचे पाहताना कपाळ दुखते, तर दोन्ही डोळे आत वळवण्याची क्षमता तपासावी. मानेपासून सुरू होऊन कपाळापर्यंत चढणाऱ्या दुखण्यात मानेचे सांधे व स्नायू पाहावेत. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अन् संयुक्त (एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या) गोळ्या १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात. झोप बिघडली असेल तर बाकी उपचारांचाही फारसा उपयोग होत नाही. आधीची अर्धशिशी, चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यांवर वेगळा इलाज हवा. तसा इलाज केल्याने आजार ‘मनाचा’ ठरत नाही.

अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास काम आणि स्क्रीन कमी करावी, मग हलके चालणे सुरू करावे. त्रासाला ० ते १० गुण द्यावेत; हालचालीने तो दोनपेक्षा जास्त वाढला किंवा तासाभरात पूर्वपदावर आला नाही, तर दुसऱ्या दिवशी तीव्रता घटवावी. ट्रेडमिलवर दर मिनिटाला चढ एक टक्क्याने वाढवत, त्रास कोणत्या नाडीवेगाला बळावतो ते मोजता येते. तो वेग १४० असेल, तर त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे ११२ ते १२६ ठोक्यांच्या टप्प्यात रोज २० मिनिटे व्यायाम द्यावा. ‘आज बरे वाटतेय’ म्हणून आठवड्याचे काम एकाच दिवशी उरकले की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. ही सर्वांत नेहमीची चूक. कामावर परतताना अर्धा दिवस आणि ठरलेल्या विश्रांत्या मागून घ्याव्यात. चक्कर असेपर्यंत दुचाकी चालवू नये.

वारंवार उलटी, वाढती गुंगी, फेफरे, एका बाजूची अशक्तता किंवा नाकाकानातून पाण्यासारखा द्रव आल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. वृद्धांत, मद्यपींत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव हळूहळू साचतो आणि काही आठवड्यांनी लक्षणे दाखवतो. त्यांची डोकेदुखी किंवा बावचळलेपणा वाढू लागला, तर पहिला स्कॅन स्वच्छ होता म्हणून थांबू नये. स्कॅन पुन्हा करावा.