मान न धरणारं बाळ आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाचा घोळ

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी: मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार. १८९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरने हा आजार दोन तान्ह्या भावांमध्ये नोंदवला. पुढची शंभर वर्षं निदानाची भिस्त मुख्यतः तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर होती. १९९५ मध्ये ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो ते एसएमएन-१ हे जनुक सापडलं आणि बहुतेक मुलांचं निदान रक्ताच्या नमुन्यावर होऊ लागलं.

पण तो नमुना घ्यायचा हे सुचण्यासाठी आजही आधी हात आणि नजरच लागते. काखेत हात घालून उचललं की बाळ हातातून निसटतं. पाय बेडकासारखे बाजूला पडलेले असतात. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. बाळ शांत असताना जिभेवर बारीक थरथर दिसते. डोळे मात्र तल्लख, आईच्या बांगड्यांमागे फिरणारे. या डोळ्यांमुळेच घरचे निर्धास्त राहतात. ‘हुशार आहे, धरेल मान. याचा बापही उशिराच बसला होता,’ असं आजी म्हणते, मालिशचं तेल बदललं जातं आणि दोन महिने जातात.

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी जनुकोपचार आला, २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं औषध. तेव्हापासून हे दोन महिने फार महाग झाले, कारण मेलेल्या चेतापेशी कोणतंही औषध परत आणत नाही.

खरा घोळ ‘दुर्मिळ’ या शब्दाचा आहे. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असले की आजार दुर्मिळ ठरतो. युरोपात दोन हजारांत एकापेक्षा कमी. भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात असा आकडाच नाही. आहे ती आजारांची यादी, तीन गटांत विभागलेली. पहिल्या गटाला, म्हणजे एकदाच उपचार करून बरे होणाऱ्या आजारांना, वीस लाखांपर्यंत मदत. एसएमए तिसऱ्या गटात, त्यातही ‘ब’ उपगटात: खर्च अफाट, दीर्घकाळाचे पुरावे अपुरे. या गटाच्या वाट्याला लोकवर्गणीचं संकेतस्थळ आलं. पैसा मर्यादित आहे, हा सरकारी युक्तिवाद खोटा नव्हता. पण औषध आहे असं सांगून वर्गणी गोळा करायला लावणं हे आईबापांवर टाकलेलं फार मोठं ओझं होतं. मे २०२२ मध्ये मदत सर्व गटांना लागू झाली, पन्नास लाखांपर्यंत, पण फक्त नेमलेल्या केंद्रांतून. सुरुवातीला देशभरात अशी आठ केंद्रं नेमली होती. महाराष्ट्रातलं मुंबईत, नागपूरपासून आठशे किलोमीटरवर. मान न धरणाऱ्या बाळाला घेऊन एवढा रेल्वेप्रवास म्हणजे काय, हे गट पाडताना कोणी मोजलं असेल असं वाटत नाही.

विदर्भात एक गोष्ट मात्र सोपी आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात माहीत आहे. ‘एएस पॅटर्न’ (वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला), ‘एसएस पॅटर्न’ (आजारी) हे शब्द लोक सहज वापरतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, हे गणित एसएमएलाही तसंच लागू पडतं. गैरसमजही तिथूनच होतो. सिकलसेलचा रिपोर्ट ‘एए’, म्हणजे निर्दोष, आला की जोडप्याला वाटतं, आपल्यात काही नाही. पण ती तपासणी फक्त हिमोग्लोबिन पाहते. एसएमएन-१ ची चाचणी वेगळी. पहिल्या मुलाचं निदान पक्कं झालं असेल, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन ती करता येते.